निर्माता नेमके करतो काय? व्हेरिटी लॅम्बर्ट यांच्या कारकिर्दीतून एक उत्तर

फेब्रुवारी २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलिअनेअर’ या मुंबईत चित्रित झालेल्या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली, तेव्हा आपल्याकडे ए. आर. रहमान, रसूल पुकुट्टी आणि दिग्दर्शक डॅनी बॉइल ही नावे घरोघरी पोचली. परंतु ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ हा त्या रात्रीचा सर्वांत मोठा पुरस्कार यांपैकी कोणालाच मिळाला नव्हता. तो स्वीकारला ख्रिश्चन कोल्सन या ब्रिटिश गृहस्थांनी, आणि हे नाव आज किती जणांना आठवेल याची शंकाच आहे. कोल्सन त्या चित्रपटाचे निर्माते होते, आणि ऑस्करच्या नियमाप्रमाणे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान निर्मात्याचा असतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने पुन्हा पुढे आला. जेम्स बाँडच्या चित्रपटांवरचा सर्जनशील ताबा बार्बरा ब्रोकोली आणि मायकेल विल्सन या निर्मात्यांनी ॲमेझॉनकडे सोपवला आणि जगभरच्या वृत्तपत्रांत त्याचे मथळे झाले. ज्यांनी बाँड लिहिला नाही, साकारला नाही, दिग्दर्शितही केला नाही, त्या दोघांच्या एका निर्णयाला एवढे महत्त्व का आले, असे अनेकांना वाटले असेल. निर्माता म्हणून कोणाची नेमणूक होणार, याचीही तेवढीच चर्चा झाली, आणि मार्चमध्ये एमी पास्कल व डेव्हिड हेमन यांची नावे जाहीर झाली.

निर्माता म्हणजे कोण, हे व्याख्येपेक्षा एखाद्या माणसाच्या कामातून लवकर समजते. त्यासाठी मी व्हेरिटी लॅम्बर्ट (१९३५–२००७) यांची निवड केली आहे. दूरचित्रवाणी आणि चित्रपट ही दोन्ही क्षेत्रे, नोकरी आणि स्वतःची कंपनी, घवघवीत यश आणि जाहीर फजिती असे सगळे त्यांच्या वाट्याला आले. त्यामुळे या पेशाचा जवळजवळ प्रत्येक कोपरा त्यांच्या कारकिर्दीत पाहायला मिळतो.

आपल्या शब्दातला घोळ

‘निर्माता’ या शब्दाचा अर्थ निर्माण करणारा. व्यवहारात मात्र आपण तो ‘पैसे घालणारा’ अशा अर्थाने वापरतो, आणि त्याला इतिहास आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले आणि चित्रपटात काम करणाऱ्या सगळ्या मंडळींना रांधूनही घातले. भारतीय चित्रपटाचा पहिला निर्माता हा स्वतःचे घर पणाला लावणारा माणूस होता, आणि हीच प्रतिमा पुढे पक्की झाली. पुढल्या काळात त्यात सावकार, बिल्डर आणि हौशी धनिक यांची भर पडली, तो भाग वेगळा.

लॅम्बर्ट यांनी ज्या मालिकेवर नाव कमावले, तिच्यात त्यांचा एक पौंडही गुंतलेला नव्हता. त्या बीबीसीच्या पगारी नोकर होत्या. तरीही त्या पूर्ण अर्थाने निर्मात्या होत्या. हे कसे, ते समजण्यासाठी लंडनला जाण्याआधी एखाद्या गणेशोत्सव मंडळाच्या मांडवात डोकावणे सोयीचे होईल.

मंडळाचा पैसा वर्गणीचा असतो. मूर्ती मूर्तिकार घडवतो, देखावा कलाकार उभा करतो, गाणारे-वाजवणारे वेगळे असतात. परंतु यंदा देखावा कोणता करायचा, कलाकार कोणता बोलवायचा, पैसे दिव्यांवर जास्त घालायचे की पडद्यांवर, हे एका माणसाला ठरवावे लागते. बऱ्याच मंडळांत हे काम कार्यवाहाकडे असते. विजेची जोडणी, पोलिसांची परवानगी आणि शेजाऱ्यांची तक्रार त्याच्याच दारात येते. मूर्तिकार ऐनवेळी आजारी पडला तरी चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. उत्सव रंगला तर लोक देखाव्याचे कौतुक करतात आणि फसला तर कार्यवाहाला धरतात.

बीबीसीचा पैसाही एका अर्थाने वर्गणीचाच आहे. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी पाहणाऱ्या घरांना परवाना शुल्क भरावे लागते आणि त्यावर ही संस्था चालते. कार्यक्रमाची प्रक्षेपणाची तारीख एकदा छापून आली की तीच चतुर्थी. लॅम्बर्ट या मांडवातल्या कार्यवाह होत्या.

टंकलेखनापासून गॅलरीपर्यंत

त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील हिशेबनीस होते. रोडीन या नामांकित निवासी शाळेतून त्या सोळाव्या वर्षी बाहेर पडल्या, वर्षभर पॅरिसमध्ये सोर्बोन विद्यापीठात शिकल्या आणि परत येऊन त्यांनी लघुलेखन-टंकलेखनाचे शिक्षण घेतले. पहिली नोकरी एका हॉटेलात, तीही खाद्यपदार्थांच्या याद्या टंकलिखित करण्याची. १९५६ मध्ये त्या ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या प्रसिद्धी विभागात सचिव म्हणून लागल्या आणि सहा महिन्यांत तेथून त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे एबीसी या खासगी दूरचित्रवाणी कंपनीत लघुलेखक म्हणून शिरकाव झाला आणि तेथून त्या ‘आर्मचेअर थिएटर’ या नाट्यमालेवर निर्मिती सहायक झाल्या. या विभागाचे प्रमुख होते सिडनी न्यूमन नावाचे कॅनेडियन गृहस्थ.

ती नाटके थेट प्रक्षेपित होत. नट स्टुडिओत संवाद बोलत असतानाच देशभरातील घरांत ते दिसत. स्टुडिओच्या वर काचेआड एक नियंत्रण कक्ष असे, त्याला गॅलरी म्हणतात. तेथे समोर प्रत्येक कॅमेऱ्याचा एकेक छोटा पडदा, हातात स्टॉपवॉच, आणि दिग्दर्शक कोणत्या क्षणी कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र बाहेर जाईल ते पुकारत असतो. निर्मिती सहायक शेजारी बसून वेळ मोजतो आणि पुढचा क्रमांक वाचत राहतो.

३० नोव्हेंबर १९५८ च्या रविवारी ‘अंडरग्राउंड’ हे नाटक चालू असताना गॅरेथ जोन्स हा तरुण नट दोन प्रवेशांच्या मध्ये कोसळला आणि मरण पावला. नाटक अर्ध्यावर होते आणि लाखो लोक ते पाहत होते. त्याचे संवाद ऐनवेळी इतरांत वाटून कथा सावरणे आवश्यक होते, म्हणून दिग्दर्शक टेड कॉचेफ गॅलरी सोडून खाली नटांकडे धावले. कॅमेऱ्यांना हुकूम देण्याचे काम तेवीस वर्षांच्या लॅम्बर्ट यांच्याकडे आले आणि त्यांनी ते शेवटपर्यंत निभावले. त्या रात्री त्यांच्याकडे निर्मात्याचे पद नव्हते, पण जे करावे लागले ते त्या पदाच्या गाभ्याचेच काम होते. काहीतरी भयंकर बिघडले आहे, प्रेक्षकाला ते कळता कामा नये, आणि विचार करायला वेळ नाही.

तरीही बढती मिळाली नाही. १९६१ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या, निर्माते डेव्हिड सस्किंड यांच्या कार्यालयात वर्षभर काम केले, आणि परतल्यावर पुन्हा त्याच निर्मिती सहायकाच्या खुर्चीत बसल्या. आणखी वर्षभरात पुढे सरकता आले नाही तर हा धंदाच सोडायचा, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

१९६३: तारीख ठरलेली, संहिता मात्र अपुरी

डिसेंबर १९६२ मध्ये न्यूमन बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले. शनिवारी संध्याकाळी खेळांचा कार्यक्रम संपल्यावर आणि तरुणांचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू होण्याआधी जी जागा रिकामी पडत होती, तेथे मुलांना आणि मोठ्यांना एकत्र बसून पाहता येईल अशी विज्ञानकथा त्यांना हवी होती. काळात मागे-पुढे प्रवास करणारा एक विक्षिप्त म्हातारा आणि त्याचे यान, अशी ती कल्पना. तिचे नाव ठरले ‘डॉक्टर हू’. निर्माता म्हणून ज्यांना आधी विचारले त्यांनी नकार दिला. तेव्हा न्यूमन यांना आपल्या जुन्या सहायकाची आठवण झाली. जून १९६३ मध्ये लॅम्बर्ट बीबीसीत रुजू झाल्या. वय सत्तावीस. नाट्यविभागातील त्या सर्वांत तरुण निर्मात्या होत्या आणि त्या वेळी त्या विभागात दुसरी स्त्री निर्माती नव्हती.

पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. जन्म लखनौचा, ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसेन यांचे हे चिरंजीव. वयाची पंचविशीही पुरी झालेली नव्हती. एक तरुण बाई आणि एक भारतीय तरुण, अशी ही जोडी त्या काळच्या बीबीसीतील कोट-टाय घातलेल्या मंडळींच्या नजरेत कशी भरली असेल, याची कल्पना करता येते.

त्यांच्या हाती आलेला स्टुडिओ म्हणजे लाइम ग्रोव्ह इमारतीतील ‘डी’ क्रमांकाचा स्टुडिओ. तो जुना, अरुंद आणि दिव्यांच्या उष्णतेने तापणारा होता. एका भागाला मिळणारी रक्कम सव्वादोन ते अडीच हजार पौंडांच्या घरातली. सोमवार ते गुरुवार तालमी आणि शुक्रवारी संध्याकाळी एका दमात चित्रीकरण. ध्वनिचित्रफीत तेव्हा पात्याने कापून जोडावी लागे आणि ते इतके महाग पडे की एका भागात मोजकेच काप परवडत. त्यामुळे नट संवादात अडखळला तरी बहुधा तसेच पुढे जावे लागे. मुख्य भूमिकेतील विल्यम हार्टनेल यांचे असे अडखळणे आजही चाहत्यांच्या कौतुकाचा विषय आहे.

हार्टनेल यांची निवड हाच निर्मात्याच्या कामाचा चांगला नमुना आहे. पडद्यावर ते करड्या सार्जंटच्या भूमिकांसाठी ओळखले जात आणि त्याच त्याच भूमिकांना कंटाळले होते. मुलांच्या मालिकेत काम करायला ते राजी नव्हते. लॅम्बर्ट आणि हुसेन यांनी त्यांना भेटून, समजावून तयार केले. संगीत रॉन ग्रेनर यांनी लिहिले, आणि बीबीसीच्या ध्वनिप्रयोगशाळेत डिलिया डर्बीशर यांनी एकही नेहमीचा वाद्यवृंद न वापरता, ध्वनिफितींचे तुकडे जोडून ते प्रत्यक्षात आणले.

२७ सप्टेंबरला पहिला भाग चित्रित झाला आणि न्यूमन यांनी तो नापास केला. यानाची दारे नीट बंद होत नव्हती, मागे आपटण्याचा आवाज येत होता, आणि म्हातारा फारच तिरसट झाला होता. तोच भाग १८ ऑक्टोबरला पुन्हा चित्रित झाला आणि २३ नोव्हेंबर १९६३ ला प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या संध्याकाळी लोकांचे मन मालिकेत कुठून असणार? पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला.

मग आली दुसरी कथा. न्यूमन यांची सक्त ताकीद होती की बटबटीत डोळ्यांचे राक्षस या मालिकेत नकोत. आणि टेरी नेशन यांच्या संहितेत डॅलेक होते, म्हणजे धातूच्या कवचात बसलेले, ‘नष्ट करा’ असे खरखरीत आवाजात ओरडणारे प्राणी. वरिष्ठांना संहिता पसंत नव्हती. लॅम्बर्ट यांचा तिच्यावर विश्वास होता, आणि त्यांच्या पथ्यावर पडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे दुसरी कोणतीही संहिता तयारच नव्हती. तारीख तर दारात उभी होती. कथा झाली, डिसेंबरमध्ये डॅलेक पडद्यावर आले आणि काही आठवड्यांत प्रेक्षकसंख्या पहिल्या भागाच्या दुपटीहून अधिक, म्हणजे एक कोटीवर गेली. मालिका खर्चिक म्हणून मध्येच बंद करण्याचा विचार चालू होता, तो मागे पडला. लॅम्बर्ट यांच्या निर्णयांत ढवळाढवळ करणेही वरिष्ठांनी त्यानंतर सोडून दिले.

हे सगळे दिग्दर्शकच करत नाही का?

चित्रपटाच्या संदर्भात ही शंका रास्त आहे, कारण तेथे दिग्दर्शक एकच असतो आणि शेवटची छटा त्याचीच दिसते. मालिकेचे गणित निराळे असते. पहिली कथा हुसेन यांनी केली, डॅलेकची कथा ख्रिस्तोफर बॅरी आणि रिचर्ड मार्टिन या दोघांनी वाटून घेतली, पुढे मार्को पोलोवरची कथा पुन्हा हुसेन यांच्याकडे आली. प्रत्येक दिग्दर्शक आपल्या कथेपुरता येतो आणि जातो. लेखकही बदलतात. या सगळ्यांत मालिकेचा सूर तोच राहील हे पाहणारा माणूस निर्माताच असतो. त्याच्या जोडीला कथा-संपादक असतो, म्हणजे वेगवेगळ्या लेखकांकडून संहिता मागवणारा, त्या तपासून एकमेकींशी जुळवून घेणारा. लॅम्बर्ट यांच्याजवळ हे काम डेव्हिड व्हिटकर करत.

आणखी एक फरक आहे. दिग्दर्शकाने सुचवलेल्या दहा गोष्टींपैकी सात चांगल्या असतात आणि पैसे चारांचेच असतात. कोणत्या तीन सोडायच्या हे सांगणे दिग्दर्शकाला क्लेशकारक होते, म्हणून ते दुसऱ्या कोणी सांगावे लागते. यात निर्माता काटकसरी कारकून आहे असे समजू नये. डॅलेकच्या बाबतीत नको तिथे हात आखडण्यापेक्षा नेमके तिथे सैल सोडण्याचे धाडस लॅम्बर्ट यांनी दाखवले होते.

न्यूमन नसते तर?

ओळखीशिवाय ही संधी मिळाली असती का, असा आक्षेप कोणी घेईल. मिळाली नसती, हे मान्य करायला हवे. पण त्याच ओळखीच्या माणसाने पहिला भाग नापास केला आणि त्याच माणसाची ताकीद मोडून बाईंनी डॅलेक आणले. ओळखीने दार उघडले. आतले अडीच वर्षांचे काम ओळखीवर निभले नाही. १९६५ मध्ये त्यांनी ‘डॉक्टर हू’ सोडली.

निर्मात्याच्या वरचा निर्माता

श्रेयनामावलीत एकाच कार्यक्रमाला पाच-सात ‘निर्माते’ दिसतात तेव्हा वाचकाचा गोंधळ होणे साहजिक आहे. ‘लाइन प्रोड्यूसर’ हा रोजचा खर्च, गाड्या, जेवणे आणि वेळापत्रक सांभाळतो. निर्माता हा त्या विशिष्ट कलाकृतीचा जबाबदार माणूस. ‘कार्यकारी निर्माता’ त्याच्याही वर असतो. तो एका वेळी अनेक प्रकल्पांवर देखरेख करतो, पैशाची व वाहिनीची बाजू सांभाळतो, आणि शेवटची मान्यता देतो. (काही वेळा ही पदवी केवळ मानाची किंवा मोठ्या नटाला खूश ठेवण्यासाठीही असते. त्या नावांकडे फार गंभीरपणे पाहण्याचे कारण नाही.)

लॅम्बर्ट यांनी ही वरची पायरी सत्तरच्या दशकात गाठली. मधल्या काळात लंडन वीकएंड टेलिव्हिजनसाठी ‘बजी’ ही मालिका केली, आणि १९७४ मध्ये बीबीसीसाठी ‘शोल्डर टु शोल्डर’ ही स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यावरची सहा नाटकांची माला उभी केली. त्याच वर्षी त्या थेम्स टेलिव्हिजनच्या नाट्यविभागाच्या प्रमुख झाल्या. या खुर्चीत बसून स्वतः चित्रीकरणावर देखरेख करायची नसते. काय करायचे आणि कोणाला करू द्यायचे, एवढेच ठरवायचे असते. ‘द नेकेड सिव्हिल सर्व्हंट’ (१९७५) हे त्याचे धीट उदाहरण. क्वेंटिन क्रिस्प या उघडपणे समलिंगी म्हणून जगलेल्या माणसाचे हे चरित्र, त्यात जॉन हर्ट यांची भूमिका. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून अंशतः वगळले जाऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती.

थेम्सची ‘यूस्टन फिल्म्स’ ही उपकंपनीही त्यांच्याकडे आली. येथे स्टुडिओतल्या चित्रफितीऐवजी लंडनच्या खऱ्या रस्त्यांवर फिल्मवर चित्रण होई. ‘माइंडर’ (१९७९) ही लबाड दलाल आणि त्याचा अंगरक्षक यांची मालिका सुरुवातीला फारशी चालली नाही. ती बंद करावी असे वरच्यांना वाटत असताना लॅम्बर्ट यांनी ती लावून धरली आणि पुढे ती १९९४ पर्यंत चालली. ‘विडोज’ (१९८३) साठी त्यांच्या कंपनीने लिंडा ला प्लांट या तोवर नटी म्हणून वावरणाऱ्या बाईंवर भरवसा टाकला. मारल्या गेलेल्या दरोडेखोरांच्या विधवाच पुढचा दरोडा घालतात, अशी ती कथा. त्याच ला प्लांट पुढे ब्रिटनमधल्या आघाडीच्या गुन्हेकथा-लेखिका झाल्या.

चित्रपटात वेगळे काय असते?

दूरचित्रवाणीवर कार्यक्रम वाहिनी मागवते, पैसे तीच देते आणि प्रेक्षक घरात बसलेला असतो. चित्रपटाला प्रत्येक वेळी नव्याने पैसे जमवावे लागतात आणि प्रेक्षकाला घराबाहेर काढावे लागते. १९८२ च्या अखेरीस लॅम्बर्ट थॉर्न ईएमआयच्या चित्रपट विभागात निर्मितिप्रमुख झाल्या. ज्यांनी त्यांना आणले ते निघून गेले, नव्या माणसांशी सूर जुळला नाही, आणि तो काळ त्यांना सुखाचा गेला नाही. तरी ‘ड्रीमचाइल्ड’ आणि जॉन क्लीझ यांचा ‘क्लॉकवाइज’ (१९८६) हे चित्रपट त्यांच्या कारकिर्दीत मार्गी लागले.

१९८५ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, आणि स्वतःच्या नावावर कोटी करून तिला ‘सिनेमा व्हेरिटी’ हे नाव दिले. तिचा पहिला चित्रपट ‘अ क्राय इन द डार्क’ (१९८८). ऑस्ट्रेलियात उलुरूजवळच्या तळावरून १९८० मध्ये नऊ आठवड्यांची अझारिया चेंबरलेन नाहीशी झाली, ‘डिंगो या रानकुत्र्याने तिला नेले’ असे सांगणाऱ्या आईवर कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८२ मध्ये तिला खुनासाठी जन्मठेप झाली. या खटल्यावरच्या जॉन ब्रायसन यांच्या पुस्तकावर हा चित्रपट आधारलेला होता आणि आईच्या भूमिकेत मेरिल स्ट्रीप होत्या. १९८८ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने शिक्षा रद्द ठरवली आणि दोनच महिन्यांत चित्रपट झळकला. स्ट्रीप यांना पुढच्या वर्षी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

येथे निर्मात्याचे सर्वांत पहिले, आणि बाहेरच्यांना न दिसणारे काम लक्षात येते: हक्क मिळवणे. पुस्तक चित्रपट करण्याची परवानगी आधी हाती हवी. ती असेल तर दिग्दर्शक बोलतो, नटी संहिता वाचते आणि पैसेवाला दार उघडतो. ती नसेल तर बाकीच्या गप्पाच.

आणि फसले तर?

१९९२ च्या जुलैमध्ये बीबीसीने ‘एल्डोराडो’ ही आठवड्यातून तीनदा दिसणारी मालिका मोठ्या गाजावाजात सुरू केली. दक्षिण स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या युरोपीय लोकांची ती कथा होती, आणि तिच्यासाठी कोइन गावाजवळ आख्खी वसाहत बांधण्यात आली होती. लॅम्बर्ट यांची कंपनी तिच्या निर्मितीत होती. तयारीला वेळ अपुरा, बरेच नट नवखे, खऱ्या भिंतींच्या घरांत चित्रण केल्याने आवाज घुमणारा. वृत्तपत्रांनी तिला फाडून खाल्ले आणि वर्षभरात, जुलै १९९३ मध्ये, ती गुंडाळण्यात आली.

१९६३ शी याची तुलना करण्याचा मोह होतो, कारण तेव्हाही वेळ अपुरा होता आणि मंडळी नवखी होती. माझ्या मते फरक आकाराचा आहे. लाइम ग्रोव्हच्या कोंदट खोलीत चूक झाली तर एक भाग पुन्हा चित्रित करता येत होता, आणि न्यूमन यांनी तसा वेळ दिला. आठवड्याला तीन भाग बाहेर जात असताना, समुद्रापार बांधलेल्या गावात, चूक उमगेपर्यंत पुढचे कित्येक भाग तयार झालेले असतात. त्याच कंपनीने त्याच्या आदल्या वर्षी चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीसाठी ॲलन ब्लीसडेल यांची ‘जीबीएच’ ही राजकीय मालिका केली होती आणि ती आजही वाखाणली जाते, हेही येथे नोंदवायला हवे.

मालकी कोणाची?

आता बाँडच्या बातमीकडे परत येता येईल. डॅलेकचे रूप घडवले ते बीबीसीच्या पगारावरील रेमंड क्यूसिक यांनी. खेळण्यांच्या दुकानांत डॅलेकची झुंबड उडाली, परंतु क्यूसिक यांना मिळाले ते खुशीचे शंभर पौंड. टेरी नेशन बाहेरचे लेखक असल्याने हक्कात वाटेकरी होते, ते श्रीमंत झाले. लॅम्बर्ट यांचाही त्यात वाटा नव्हता. ज्यावर त्यांची मालकी नव्हती ते जपणेही त्यांच्या हाती नव्हते. बीबीसीने त्या काळच्या असंख्य चित्रफिती पुसून टाकल्या, आणि हुसेन यांची मार्को पोलोवरची सात भागांची कथा त्यांत गेली. तिचा आवाज उरला आहे, तोही प्रेक्षकांनी घरी बसून ध्वनिमुद्रण करून ठेवला म्हणून.

पगारी निर्मात्याकडे अधिकार असतो, मालकी नसते. १९८२ मध्ये चॅनल फोर सुरू झाले आणि त्याने स्वतः कार्यक्रम न बनवता बाहेरच्या कंपन्यांकडून घेण्याचे धोरण ठेवले. १९९० च्या कायद्याने बीबीसी आणि आयटीव्ही या खासगी वाहिनीलाही चतुर्थांश कार्यक्रम बाहेरून घेणे बंधनकारक केले. सिनेमा व्हेरिटीसारख्या कंपन्या याच वाऱ्यावर उभ्या राहिल्या. तरी कार्यक्रमाचे हक्क बरेचदा वाहिनीकडेच जात. ते निर्मात्याकडे राहावेत यासाठीची अनुकूल व्यवस्था २००३ च्या कायद्यानंतर आली.

बाँडचे निर्माते या शिडीच्या अगदी दुसऱ्या टोकाला होते. १९६१ मध्ये हॅरी साल्ट्झमन आणि अल्बर्ट ब्रोकोली एकत्र आले तेव्हा इयन फ्लेमिंग यांच्या कथांचे हक्क साल्ट्झमन यांनी मिळवलेले होते. पुढे ब्रोकोलींचा वारसा मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन यांच्याकडे आला. ॲमेझॉनने २०२२ मध्ये साडेआठ अब्ज डॉलर मोजून एमजीएम ही बाँडपटांमागची हॉलिवूडची चित्रपट कंपनी विकत घेतली, तरी पुढचा बाँड कोण, कथा कोणती आणि चित्रपट केव्हा, हे ॲमेझॉनला एकटीने ठरवता येत नव्हते. पैसा एकाकडे आणि ‘हो’ म्हणण्याचा अधिकार दुसऱ्याकडे, अशी ती स्थिती होती, आणि २०२५ मध्ये नेमका तो अधिकार हस्तांतरित झाला. मथळे झाले ते यामुळे.

लॅम्बर्ट यांनी शेवटपर्यंत काम सोडले नाही. ‘जोनाथन क्रीक’ या रहस्यमालिकेच्या दुसऱ्या पर्वापासून त्या तिच्या निर्मात्या होत्या. २००२ मध्ये त्यांना ओबीई हा राजसन्मान आणि बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीचा ॲलन क्लार्क पुरस्कार मिळाला. २२ नोव्हेंबर २००७ रोजी, बहात्तरावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ‘लव्ह सूप’ या मालिकेचे दुसरे पर्व तेव्हा प्रक्षेपित व्हायचे होते. ते २००८ च्या मार्चमध्ये बीबीसीवर सुरू झाले, आणि श्रेयनामावलीत निर्मात्या म्हणून नाव होते व्हेरिटी लॅम्बर्ट यांचे.